सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच वाक्य : ग्रीन पक्षांच्या प्रादेशिक सहकार्यात पाऊल टाकणाऱ्यांसाठी

कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढवावी का, हे सांगलीतल्या कोणत्याही पुढाऱ्याला विचारा. झेंडा कोणताही असो, उत्तर ‘मुळीच नाही’ असंच मिळेल. मग विजयपूरला किंवा बागलकोटला जाऊन तोच प्रश्न विचारा. तिथे त्याच पक्षांची माणसं ‘वाढवलीच पाहिजे’ म्हणतात. कृष्णा एकच, पक्ष तेच, पण राज्याची हद्द ओलांडली की भूमिका उलटी होते. मी मिरजेची आहे. पूर ओसरल्यावर घरातला चिखल उपसलेला आहे, त्यामुळे हा प्रश्न मला कधी कागदावरचा वाटला नाही.

पुढे नोकरीमुळे काही वर्षं जर्मनीत, सॅक्सनी राज्यात राहिले. तिथे ग्रीन पक्षाच्या, म्हणजे पर्यावरणाला राजकारणाचा पाया मानणाऱ्या पक्षाच्या, स्थानिक शाखेत जायला लागले ते याच प्रश्नापायी : हद्दीच्या अलीकडे आणि पलीकडे एकच गोष्ट बोलणारा राजकीय पक्ष असू शकतो का? असू शकतो, पण नेहमी नाही, आणि आपोआप तर कधीच नाही. ग्रीन पक्षांचं हद्दीपलीकडच्या सहकार्याचं काम कसं चालतं आणि नवख्या माणसाने त्यात कुठून शिरावं, ते इथे पायरीपायरीने सांगते.

पहिली पायरी : कोण कुठे बसतं ते ओळखा

ग्रीन पक्ष म्हटलं की अनेकांना जर्मनी आठवते. सुरुवात मात्र दक्षिण गोलार्धातली. टास्मानियातलं लेक पेडर हे सरोवर जलविद्युत प्रकल्पात बुडणार म्हणून १९७२च्या मार्चमध्ये होबार्टमध्ये युनायटेड टास्मानिया ग्रुप स्थापन झाला, आणि त्याच वर्षी न्यूझीलंडमध्ये व्हॅल्यूज पार्टी निघाली. जर्मन ग्रीन पक्ष १९८० सालचा. १९८३ मध्ये ५.६ टक्के मतं मिळवून तो तिथल्या संसदेत पोहोचला.

आजची रचना चार मजल्यांची आहे. तळाला गावातली किंवा शहरातली शाखा. तिच्यावर त्या देशाचा पक्ष. त्याच्यावर प्रादेशिक महासंघ. असे महासंघ चार आहेत : युरोप, आशिया-पॅसिफिक, आफ्रिका आणि अमेरिका खंड. सर्वांत वर ‘ग्लोबल ग्रीन्स’ हे जागतिक जाळं. २००१ मध्ये कॅनबेराला जगभरचे पक्ष जमले आणि त्यांनी एक सनद मान्य केली. तिची तत्त्वं सहा : पर्यावरणीय शहाणपण, सामाजिक न्याय, लोकसहभागाची लोकशाही, अहिंसा, शाश्वतता आणि विविधतेचा आदर. ही सनद एकदा नीट वाचून काढा. वादाच्या वेळी लोक तिचाच आधार घेतात.

युरोपबाबत एक गोंधळ सगळ्यांचाच होतो, माझाही झाला होता. ‘युरोपियन ग्रीन पार्टी’ आणि युरोपीय संसदेतला ग्रीन गट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली म्हणजे पक्षांचा पक्ष. २००४च्या फेब्रुवारीत रोममध्ये ती स्थापन झाली, आणि त्याआधी १९९३ पासून तिचं रूप सैल महासंघाचं होतं. युरोपीय संघाबाहेरचे पक्षही तिच्यात आहेत, उदाहरणार्थ स्वित्झर्लंडचा. दुसरा म्हणजे निवडून आलेल्या खासदारांचा गट. १९९९ पासून तो ‘युरोपियन फ्री अलायन्स’ या प्रादेशिक अस्मितेच्या पक्षांसोबत मिळून बसतो. २०१९च्या निवडणुकीनंतर या गटाचे ७४ खासदार होते, २०२४ नंतर ५३ उरले. भूमिका पक्ष ठरवतो, मतदान गट करतो. तुम्हाला एखादा ठराव मांडायचा असेल तर रस्ता पक्षातून जातो. एखाद्या विधेयकातला शब्द बदलायचा असेल तर गाठावं लागतं ते गटातल्या खासदाराचं कार्यालय. हा फरक माहीत नसेल तर महिनोन्महिने चुकीच्या पत्त्यावर पत्रं जात राहतात.

युरोपातल्या पक्षाला एक मोठी सोय आहे. युरोपीय संघाच्या नियमानुसार किमान एक चतुर्थांश सदस्य देशांत, म्हणजे सात देशांत, निवडून आलेले प्रतिनिधी असतील तर अशा पक्षाची अधिकृत नोंदणी होते आणि संघाच्या अंदाजपत्रकातून निधीही मिळतो. त्यातून कायमचं कार्यालय, पगारी माणसं, दुभाषे आणि अधिवेशनं यांचा खर्च निघतो. सहकार्य टिकायचं तर कुणीतरी सोमवारी सकाळी फोन उचलायला लागतं, आणि त्याला पैसे लागतात.

आशिया-पॅसिफिक महासंघाकडे हे काहीच नाही. २००५ मध्ये क्योटोला त्याची मोठी बैठक झाली, २०१५ मध्ये वेलिंग्टनला अधिवेशन झालं, आणि २०२३चं जागतिक अधिवेशन कोरियात इंचॉनला भरलं. मंगोलियाचा ग्रीन पक्ष १९९० पासूनचा, तैवानचा १९९६चा, जपान आणि कोरियाचे २०१२चे. भारतातून इंडिया ग्रीन्स पार्टी या महासंघाशी जोडलेली आहे. पण आशियाला सामायिक संसद नाही, त्यामुळे इथे महासंघ ठराव करू शकतो, कायदा घडवू शकत नाही. आशियातल्या ठरावांकडून युरोपातल्या कायद्यांसारखी अपेक्षा ठेवून काम सुरू केलंत, तर वर्षभरात थकाल.

दुसरी पायरी : एकच धागा धरा, आणि तो आपल्या मातीतला असू द्या

‘हवामान बदलावर काम करायचं आहे’ असं म्हणत येणारा माणूस कुठेच पोहोचत नाही. एखादी नदी, एखादी खाण, एखादं रसायन निवडा आणि त्याचा माग काढा. यवतमाळचंच घ्या.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण रुग्णालयात गेले. वापरातल्या कीटकनाशकांमध्ये सिंजेंटा या स्विस कंपनीचं डायफेन्थ्युरॉन हे एक होतं. खुद्द स्वित्झर्लंडमध्ये आणि युरोपीय संघात त्याच्या वापराला बंदी होती, पण बाहेर पाठवायला नव्हती. स्वतःच्या शेतात नको, आर्णी-घाटंजीच्या शेतात चालेल, असाच त्याचा अर्थ. त्याच वर्षी स्विस संसदेत ग्रीन पक्षाच्या लिसा माझोन यांनी मागणी केली की देशात बंदी असलेली अतिविषारी कीटकनाशकं निर्यात करायलाही बंदी हवी. संसदेबाहेर स्वयंसेवी संस्थांनी हा विषय लावून धरला, यवतमाळच्या कुटुंबांच्या वतीने प्रकरण कंपनीचं मुख्यालय असलेल्या बाझेलपर्यंत गेलं. अखेर १ जानेवारी २०२१ पासून स्विस सरकारने पाच कीटकनाशकांची निर्यात थांबवली, आणि त्यात डायफेन्थ्युरॉन होतं. फ्रान्सनेही २०२२ पासून अशी निर्यात रोखणारा कायदा लागू केला. युरोपीय आयोगाने, म्हणजे संघाच्या कायद्यांचे मसुदे मांडणाऱ्या यंत्रणेने, २०२० मध्ये संपूर्ण संघासाठी तसंच वचन दिलं, पण त्याचा कायदा रखडला, आणि म्हणून ग्रीन पक्षांची ही मागणी अजून जिवंत आहे.

हे सगळं एका पक्षाचं श्रेय आहे असं मी म्हणत नाही. मुद्दा असा की विदर्भातल्या शेतावरून सुटलेला धागा बर्नच्या संसदेपर्यंत जातो, आणि मधल्या प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी माणूस बसलेला असतो. तुमच्या विषयात ती माणसं कोण, हे शोधणं म्हणजे ही पायरी. एक कागद घ्या. वर विषय लिहा. खाली लिहा : वस्तू कुठे तयार होते, परवाना कोण देतं, पैसा कुठून येतो, नुकसान कुणाचं होतं. प्रत्येक उत्तरापुढे त्या देशात ग्रीन पक्ष आहे का आणि संसदेत त्याचं कोण आहे ते लिहा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण पुढचे सहा महिने वाचतात.

तिसरी पायरी : दोन्ही काठांवर तेच बोललं जातंय का, ते तपासा

माझ्या दृष्टीने प्रादेशिक सहकार्याची खरी परीक्षा ही आहे, त्यामुळे इथे जरा थांबते.

पोलंड, चेकिया आणि जर्मनी जिथे मिळतात त्या कोपऱ्यात, बोगातिन्या या पोलिश गावाजवळ, तुरुवची लिग्नाइटची, म्हणजे तपकिरी कोळशाची, खाण आहे. खाण आणि तिच्या शेजारचं वीज केंद्र यांवर त्या परिसरातली हजारो घरं चालतात. पलीकडे चेक बाजूला उहेल्नासारख्या गावांत विहिरींचं पाणी खाली जायला लागलं. जर्मन बाजूला त्सिटाऊच्या लोकांना जमीन खचण्याची आणि धुळीची काळजी. पोलंडच्या सरकारने खाणीची मुदत २०४४ पर्यंत वाढवली. २०२१च्या फेब्रुवारीत चेक सरकार युरोपीय न्यायालयात गेलं. मे महिन्यात न्यायालयाने उत्खनन थांबवायला सांगितलं, पोलंडने ऐकलं नाही, आणि सप्टेंबरमध्ये दिवसाला ५ लाख युरो दंड बसला. २०२२च्या ३ फेब्रुवारीला दोन सरकारांनी समझोता केला, पोलंडने ४.५ कोटी युरो भरपाई दिली आणि खटला मागे घेतला गेला. खाण चालूच राहिली.

चेक आणि जर्मन ग्रीन नेत्यांनी खाणीला विरोध करणं सोपं होतं, मतं त्याच बाजूला होती. अवघड जागा पोलिश ग्रीन पक्षाची होती. त्यांचे संसदेत तेव्हा तीन खासदार, आणि देशभर वातावरण ‘परकीय न्यायालय आमची वीज बंद करतंय’ असं तापलेलं. तरी त्यांची मागणी कायम राहिली : खाण बंद करण्याची तारीख ठरवा, आणि कामगारांसाठी पर्यायी रोजगाराचा आराखडा आत्ताच आखा. त्यामागे हिशेबही होता. कोळसा सोडणाऱ्या भागांसाठी युरोपीय संघाचा न्याय्य संक्रमण निधी आहे, पण खाण २०४४ पर्यंत चालणार म्हटल्यावर बोगातिन्याचा परिसर त्या निधीतून बाहेर राहिला. म्हणजे खाण वाचवण्याच्या नावाखाली खाण कामगारांच्या मुलांच्या उद्याचे पैसे गेले.

तुमच्या विषयातही हेच करून बघा. हद्दीच्या दोन्ही बाजूंच्या पक्षांची निवेदनं, शक्यतो मूळ भाषेतली, शेजारी शेजारी ठेवा. भाषांतराची ॲप्स आता इतपत चांगली आहेत. त्या निवेदनांत काय करायचं, किती तारखेपर्यंत आणि पैसे कुणाचे, ही तीन उत्तरं जुळतात का पाहा. नुसतं ‘आम्ही चिंता व्यक्त करतो’ जुळून उपयोग नाही.

उलट बाजूचा धडा ऑस्ट्रेलियातला. क्वीन्सलंडमधल्या कारमायकल कोळसा खाणीविरुद्ध, जी अदानी समूहाची आहे, २०१९ मध्ये ग्रीन पक्षाचे जुने नेते बॉब ब्राऊन यांनी टास्मानियाहून गाड्यांचा ताफा नेला. हेतूबद्दल मला शंका नाही. पण खाणीच्या गावांतल्या लोकांना ते बाहेरून शिकवायला आलेले वाटले, आणि काही आठवड्यांनी झालेल्या निवडणुकीत तिथल्या मतदारसंघांत खाणीच्या बाजूच्या आघाडीची मतं वाढली. डिसेंबर २०२१ मध्ये खाणीचा कोळसा जहाजात चढलाच. ज्या काठावर पोट अवलंबून आहे त्या काठावरची माणसं सोबत नसतील तर ताफा कितीही लांबचा असो, तो पोहोचत नाही.

चौथी पायरी : एक मतदान शेवटपर्यंत वाचा

जाहीरनामे वाचून पक्ष कळत नाही, मतदान वाचून कळतो. सुरुवातीला एकच कायदा निवडा आणि त्याचा प्रवास पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा. मी नवीन लोकांना नेहमी युरोपचा निसर्ग पुनर्स्थापना कायदा सुचवते.

आयोगाने तो २०२२च्या जूनमध्ये मांडला. मुख्य गोष्ट अशी : २०३० पर्यंत संघाच्या जमिनीच्या आणि समुद्राच्या किमान २० टक्के क्षेत्रावर निसर्ग पूर्ववत करण्याचं काम सुरू झालेलं असावं, आणि २५,००० किलोमीटर नद्या पुन्हा मोकळ्या वाहत्या व्हाव्यात. २०२३च्या जुलैत तो फेटाळण्याचा प्रस्ताव संसदेत ३१२ विरुद्ध ३२४ असा, अवघ्या बारा मतांनी पडला. २०२४च्या फेब्रुवारीत ३२९ विरुद्ध २७५ मतांनी कायदा संसदेत मंजूर झाला. मग तो अडकला सदस्य देशांच्या मंत्र्यांच्या परिषदेत. तिथला नियम असा की किमान १५ देश बाजूने हवेत आणि त्या देशांत संघाची ६५ टक्के लोकसंख्या असायला हवी.

१७ जून २०२४ रोजी लक्झेंबर्गमध्ये ऑस्ट्रियाच्या पर्यावरणमंत्री लेओनोरे गेवेसलर यांनी होकार दिला. त्या ग्रीन पक्षाच्या. त्यांच्या सरकारचे प्रमुख मोठ्या भागीदार पक्षाचे, आणि त्यांचा विरोध होता. बाजूने २० देश झाले, लोकसंख्या भरली ६६.०७ टक्के. ऑस्ट्रियाची लोकसंख्या संघाच्या साधारण दोन टक्के आहे. ती वजा करून बघा, कायदा पडतो. भागीदार पक्षाने त्यांच्यावर पदाच्या दुरुपयोगाची फौजदारी तक्रार करण्याची धमकी दिली. तरी होकार उभा राहिला.

हे धैर्य आकाशातून पडलेलं नव्हतं. १९८४च्या डिसेंबरात व्हिएन्नाजवळ हाइनबुर्गला डॅन्यूबच्या काठचं जंगल जलविद्युत प्रकल्पात जाणार होतं, तेव्हा हजारो लोकांनी थंडीत तिथे मुक्काम ठोकला. प्रकल्प थांबला. त्या आंदोलनाच्या जोरावर १९८६ मध्ये ऑस्ट्रियाच्या ग्रीन पक्षाचे आठ खासदार संसदेत गेले, आणि १९९६ मध्ये तेच जंगल राष्ट्रीय उद्यान झालं. नदीकाठी जन्मलेल्या पक्षाच्या मंत्र्याने चाळीस वर्षांनी सगळ्या युरोपच्या नद्यांसाठी ते निर्णायक मत दिलं. मला हा प्रसंग सांगताना अजूनही भरून येतं.

मतदान वाचताना एक सवय लावून घ्या : आपल्या बाजूने मत कुणी दिलं यापेक्षा आधी विरोधात कुणी दिलं आणि का, ते पाहा. पुढच्या वेळी बोलायचं असतं त्यांच्याशी.

पाचवी पायरी : तुम्ही जिथे राहता तिथे तुम्हाला काय करता येतं

इथे नियम देशागणिक बदलतात, आणि आपल्याकडच्या लोकांना स्वतःचेच हक्क माहीत नसतात.

ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणारा भारतीय नागरिक, कॉमनवेल्थचा नागरिक म्हणून, संसदेच्या निवडणुकीतही मतदान करू शकतो. लंडनमधल्या कितीतरी मराठी घरांत हे कुणी सांगितलेलंच नसतं. आयर्लंडमध्ये स्थानिक निवडणुकीत नागरिकत्व न पाहता रहिवाशाला मत आहे. नेदरलँड्समध्ये पाच वर्षं कायदेशीर वास्तव्य झालं की नगरपालिकेसाठी मतदान करता येतं, आणि आइंडहोव्हन, ॲमस्टेलव्हेन इथे आपली वस्ती चांगली आहे. न्यूझीलंडमध्ये रहिवासी व्हिसावर सलग एक वर्ष झालं की देशाच्या निवडणुकीतही मत देता येतं. जर्मनीत मात्र भारतीय नागरिकाला नगरपालिकेचंही मत नाही. ऑस्ट्रेलियात संघराज्याच्या निवडणुकीसाठी नागरिकत्व लागतं.

मत नसलं तरी सभासदत्व मिळू शकतं. जर्मनीतल्या ग्रीन पक्षात नागरिकत्वाची अट नाही. मी भारतीय पासपोर्टवरच सभासद होते. वर्गणी साधारण हातात येणाऱ्या पगाराच्या एक टक्का धरतात, अडचण असेल तर कमी करून देतात. त्याआधी आपल्या व्हिसाच्या अटी आणि नोकरीचा करार वाचून घ्या.

आयर्लंडचं उदाहरण आपल्या जवळचं आहे. मालवण तालुक्यातल्या वराडचं मूळ असलेले आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर ग्रीन पक्षाचे नव्हेत, पण २०२० मध्ये त्यांच्या पक्षाने ग्रीन पक्षासह तीन पक्षांचं सरकार बनवलं. त्या सरकारने २०२१ मध्ये हवामान कायदा केला : २०१८च्या तुलनेत २०३० पर्यंत उत्सर्जन ५१ टक्क्यांनी कमी. ग्रीन पक्षाला त्याची किंमत मोजावी लागली, २०२४च्या निवडणुकीत त्यांचे बारा खासदार होते तिथे एक उरला. छोट्या पक्षाने सरकारात जावं की नाही, यावर प्रत्येक महासंघात तासन् तास वाद होतात. माझं मत विचाराल तर कायदा मागे राहतो, जागा परत मिळवता येतात.

भारतात राहून काम करणार असाल तर परकीय योगदान नियमन कायदा, २०१० आधी समजून घ्या. राजकीय पक्षाला परदेशी पैसा घेता येत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या तुमच्या मावसभावाची देणगीही परदेशीच ठरते. भारतीय पासपोर्ट असलेल्याची नाही. आणि पक्षाचा पदाधिकारी परदेशी गेला, तर तिथल्या यजमानांनी दिलेलं तिकीट, राहणं, जेवण हे ‘परदेशी आदरातिथ्य’ धरलं जातं. त्यासाठी केंद्र सरकारची आधी परवानगी लागते. अधिवेशनाचं आमंत्रण आलं की आनंदात लगेच ‘येते’ असं कळवू नका, आधी हे काम करा. व्हिडिओ कॉलवरच्या कार्यगटांत हा प्रश्न येत नाही, आणि खरं काम बहुतेक तिथेच होतं.

सहावी पायरी : शाखेत जा, आणि एक पान घेऊन जा

माझ्या पहिल्या बैठकीत मी वीस मिनिटं बोलले. कृष्णा, कोयना, पूर, वसाहतवाद, सगळं. लोकांनी शांतपणे ऐकलं, आभार मानले आणि सायकल मार्गाच्या विषयाकडे वळले. दुखावून घरी आले होते. पुढे एका ज्येष्ठ सभासद बाईंनी समजावलं की सहानुभूती सगळ्यांना होती, पण हात वर करून मंजूर करता येईल असं त्यात काहीच नव्हतं. पुढच्या महिन्यात मी एक पान नेलं : निर्यात होणाऱ्या बंदी असलेल्या कीटकनाशकांबद्दल आपल्या खासदाराला शाखेने तीन प्रश्न विचारावेत. दहा मिनिटांत मंजूर झालं.

त्या पानावर काय असावं? वर एक वाक्य : शाखेने काय करावं. मग पाच-सहा ओळींत कारण, आकड्यांसकट. मग इथल्या लोकांचा त्याच्याशी काय संबंध. शेवटी कोण करणार आणि कधीपर्यंत. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. त्सिटाऊच्या शाळेतल्या शिक्षकाला यवतमाळची कपाशी का महत्त्वाची वाटावी? कारण तोच कापूस त्याच्या अंगावर असू शकतो.

बैठकांची शिस्त वेगळी असते. जर्मन ग्रीन पक्षात निम्म्या जागा स्त्रियांसाठी असतात आणि बोलणाऱ्यांच्या यादीत स्त्री-पुरुष आळीपाळीने घेतात. युरोपियन ग्रीन पार्टीलाही एकाऐवजी दोन सहअध्यक्ष असतात. आपल्याकडे ज्येष्ठांना आधी बोलू देण्याची सवय आहे, तिथे नाव नोंदवलं नाही तर कुणी विचारत नाही. नाव नोंदवा.

शाखेचा ठराव पुढे राज्याच्या, मग देशाच्या अधिवेशनात, तिथून महासंघाकडे जातो. वाटेत त्याच्यावर दुरुस्त्या येतात. प्रत्येक दुरुस्तीवर भांडू नका. तारीख आणि पैसा यांना धक्का लावणारी असेल तरच लढा, विशेषणं सोडून द्या.

मतभेदांबद्दल

एक महासंघ म्हणजे एक मत नव्हे. अणुऊर्जेवर जर्मन ग्रीन पक्षाने आयुष्य घालवलं, १५ एप्रिल २०२३ रोजी त्या देशातल्या शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद झाल्या. फिनलंडच्या ग्रीन पक्षाने मात्र २०२२ मध्ये अणुऊर्जेला आपल्या कार्यक्रमात जागा दिली. दोघेही एकाच महासंघात आहेत. राजापूर तालुक्यातल्या लोकांना हा वाद परका वाटायचं कारण नाही. जैतापूरला नियोजित असलेल्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॉटच्या, फ्रेंच बनावटीच्या आहेत. साखरी नाट्याच्या मच्छीमाराच्या बाजूने युरोपात कोण बोलेल, हे त्या मतभेदाच्या कोणत्या बाजूचा माणूस तुम्ही गाठता त्यावर ठरतं.

मर्यादाही आहेत. लाटव्हियाचे इंदुलिस एम्सिस २००४ मध्ये जगातले पहिले ग्रीन पंतप्रधान झाले. त्यांच्याच पक्षाला २०१९ मध्ये युरोपियन ग्रीन पार्टीने बाहेर काढलं, मूल्यांशी फारकत घेतली म्हणून. नावात ग्रीन आहे एवढ्यावर विश्वास टाकू नका, दोन काठांची परीक्षा तिथेही लावा.

सुरुवात आजच करायची असेल तर

मी आता मिरजेला परत आले आहे. इथे ग्रीन पक्षाची शाखा नाही, त्यामुळे पक्षाविनाच शिकलेलं वापरते आहे. कृष्णेच्या खालच्या अंगाला, कर्नाटकात राहणाऱ्या काही ओळखीच्या लोकांसोबत आम्ही एक पानाचं निवेदन लिहितो आहोत. डावीकडे मराठी, उजवीकडे कन्नड. धरणाच्या उंचीवर आमचं एकमत नाही, म्हणून ती बाजूला ठेवली. पहिलं वाक्य असं होतं : ‘पावसाळ्यात अलमट्टीतला साठा आणि विसर्ग यांची माहिती दर तासाला, दोन्ही राज्यांतल्या नदीकाठच्या गावांना एकाच वेळी मिळावी.’ कन्नड बाजूने दुरुस्ती आली की ‘अलमट्टीतला’ याच्या आधी ‘कोयनेतला आणि’ हे शब्द घाला. रास्त होती. घातले.